टिचबटणांचा शर्ट

खोटं बोलायला माझी फारशी हरकत नसते. गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की' म्हणून सांगणं हा आमच्या धंद्याचा पायाच आहे. ज्या शिंप्याने कधी 'उद्या नक्की' म्हटलं नाही, तो एक तर नवा असेल, नाहीतर त्याच्याकडे कामच नसेल. एकतीस वर्षं मी दुकानात काज-बटणाला बसते आणि दारात उभ्या गिऱ्हाइकाला सांगते की मास्तर आत्ता तुमचंच कापड हातात घेत होते. तेव्हा मी काही हरिश्चंद्राची नात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मास्तर म्हणजे आमचे हे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि चारचौघांत मीही तेच म्हणते. कापड चिमटीत धरलं की डोळे मिटून सांगतील, सुती किती आणि मिसळलेलं किती. दुकानदारांनी शिक्का मारून विकलेलं कापड यांनी नुसतं चोळून परत पाठवलेलं आहे. तोंडाने अबोल, पण बोटांना भारी अक्कल.

अडीच वर्षांपूर्वी त्यांची पाठ दुखायला लागली. शिंप्याची पाठ दुखते यात नवल ते काय, म्हणून आम्ही सहा महिने तेल चोळत बसलो. मग एक दिवस इस्त्री उचलताना बरगडी मोडली. इस्त्री उचलताना! तपासण्या झाल्या आणि कळलं की हाडांच्या आतल्या मगजात रक्ताचा कॅन्सर आहे. त्यातल्या बिघडलेल्या पेशी एक निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडत राहतात आणि आजार किती आहे ते त्या प्रथिनाच्या आकड्यावरून कळतं. तेव्हापासून आमच्या घरात 'आकडा' म्हटलं की एकच आकडा.

पहिलं औषध वर्षभर चाललं आणि मग चालेनासं झालं. दुसरं लागूच पडलं नाही. आकडा अडतीसवर गेला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे, घ्यायची का बघा. त्या गोळीला अजून नावही नव्हतं, नुसती दोन अक्षरं आणि पुढे नंबर. सव्वीस पानांचा कागद दिला. ह्यांनी विचारलं, "सही कुठे?" मी मात्र सगळी पानं वाचली. फुकट वाचली म्हणायची, कारण जे समजायला हवं होतं ते डोळ्यांखालून गेलं आणि डोक्यात शिरलंच नाही.

चाचणीचं काम बघणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात प्रश्नबाई म्हणते. वय पस्तिशीचं, केस घट्ट बांधलेले, हातात जाड फाईल. दर खेपेला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. मळमळ? ताप? झोप? हातापायाला मुंग्या, बधिरपणा? शर्टाची बटणं लावायला त्रास? हे शेवटचं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मास्तर चक्क हसले. "बाई," ते म्हणाले, "बटणं लावणं हा माझा धंदा आहे."

गोळी लागू पडली. महिन्याने आकडा बावीस, दोन महिन्यांनी अकरा. मी देवाधर्माची फारशी नाही, पण अकरा ऐकल्यावर हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. यांना भूक लागायला लागली. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. म्हणजे माणूस परत आला, असं मी समजले.

तिसऱ्या महिन्यात एका लग्नाच्या कोटाचं पांढरं अस्तर माझ्याकडे आलं, तर त्यावर लाल ठिपके. मी म्हटलं, "अहो, हे काय?" त्यांनी हात वर केला. सुई तर्जनीच्या टोकात रुतून बसली होती, अर्धी आत, आणि ते तसेच शिवत होते. दोघंही त्या सुईकडे बघत राहिलो. मग त्यांनी ती उपटली, बोट तोंडात घातलं आणि म्हणाले, "अस्तर बदलायला लागेल."

"बोट बधिर झालंय," मी म्हटलं.

"थोडंसं."

"प्रश्नबाईंना सांगायचं."

"अजिबात नाही." मास्तर आवाज चढवत नाहीत, पण तेव्हा चढवला. "सांगितलं की गोळी बंद, नाहीतर कमी. त्या कागदात तसं लिहिलंय, तूच वाचून दाखवलंस. आणि गोळी कमी झाली की आकडा वर. तुला बोटं हवीत की मी हवा?"

एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. मी गप्प बसले आणि गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच.

पुढच्या तपासणीआधी शर्टाची बटणं त्यांना लागेनात. बटण काजात सरकवायला बोटाला कडा लागावी लागते, यांना कडाच लागत नव्हती. खालच्या बटणापाशी दहा मिनिटं झुंजले, घामाघूम झाले आणि शेवटी खुर्चीत बसून राहिले. तेव्हा जी युक्ती निघाली ती माझीच. त्यांच्यावर ढकलायची नाही, ती माझीच होती. मी शर्टाची सगळी काजं शिवून बंद केली, वरून बटणं पक्की टाकली, म्हणजे समोरून बघितलं तर शर्ट नीट लावलेला. आणि आतून बटणपट्टीला सात टिचबटणं लावली. नुसता तळहात छातीवरून वरून खाली दाबत नेला की शर्ट बंद. असे चार शर्ट केले. काम इतकं साफ झालं की मलाच कौतुक वाटलं. एवढी अक्कल शाळेत वापरली असती तर मी कलेक्टर झाले असते.

तपासणीत यांनी शर्ट काढला, परत घातला, एक हात फिरवला आणि झालं. प्रश्नबाई म्हणाल्या, "मास्तर, किती झटकन लावता हो बटणं!" आणि फाईलमध्ये 'त्रास नाही' असं लिहिलं. धाकटे डॉक्टर डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी लावत, तर हे पापण्यांच्या फटीतून बघून 'लागतंय, लागतंय' म्हणत. बाहेर आल्यावर आम्ही दोघं शाळा बुडवलेल्या पोरांसारखे हसलो. आकडा आला होता चार.

मी हे सगळं हसत सांगतेय, पण त्या महिन्यात मला भीती वाटत होती. इस्त्रीने त्यांच्या करंगळीला फोड आला आणि जळल्याचा वास मला आधी आला, त्यांना नंतर. कातरकाम ते माझ्यावर ढकलायला लागले. कापड हातात घेऊन आता खिडकीपाशी जायचे आणि बघून ठरवायचे. एका गिऱ्हाइकाला त्यांनी सुती म्हणून सांगितलं ते सुती नव्हतं. गिऱ्हाइकाला कळलं नाही, मला कळलं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आपल्याकडे माणूस कोट घालून बघायला येतो, तेव्हा काखेत आवळतंय हे त्याने सांगायला नको का? तो लाजून गप्प बसला तर कोट कुणाचा बिघडतो?" ते म्हणाले, "कोट बिघडला तर दुसरा शिवता येतो."

मग ती सकाळ आली. हे आत प्रश्नबाईंसमोर आणि मी बाहेर बाकावर. शेजारी एक आडदांड माणूस येऊन बसला, चाळिशीचा, हातात तेच सव्वीस पानी बाड. मी बाड ओळखलं, त्याने मला ओळखल्यासारखं केलं.

"तुमचंही कुणी ह्याच गोळीवर?"

"मिस्टर," मी म्हटलं.

"मग ते आधीच्या तिघांतले असतील. मी पुढच्या तिघांतला पहिला नंबर." त्याला बोलायची फार गरज होती, हे दिसत होतं. तो शाळेची बस चालवायचा, सध्या रजेवर होता. "बाईंनी सगळं समजावलं मला. आधी तिघांना एक डोस देतात, वाट बघतात. त्यांना फार त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वाढवून देतात. आम्हाला आता दीडपट मिळणार. म्हणजे आजार जोरात मरेल, नाही का?"

मी मान हलवली. मान हलवता हलवता सव्वीस पानांतलं अकरावं पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिथे हेच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. वाचून मला एवढंच कळलं होतं की ह्यांना मधला डोस मिळणार.

"एकच गोष्ट मी दोनदा विचारून घेतली," ड्रायव्हर म्हणाला. "पायांचं. बाकी काय व्हायचं ते होऊ दे, केस जाऊ देत, पोट बिघडू दे. पण पाय बधिर झाले तर ब्रेक किती दाबला गेलाय ते कसं कळणार? माझ्या पाठीमागे चाळीस पोरं असतात. तर बाई म्हणाल्या की आधीच्या तिघांपैकी एकालाही बधिरपणा नाही. मग सही केली." त्याने बाडाचं शेवटचं पान मला उघडून दाखवलं. सही मोठी आणि वळणदार होती, शाळेतल्या मुलासारखी. "तुमच्या मिस्टरांना खरंच काही नाही ना, ताई? तुम्ही घरचं माणूस, तुम्हाला जास्त माहीत."

गिऱ्हाइकांना एकतीस वर्षं 'उद्या नक्की' म्हणणारी मी. माझ्या तोंडात 'काही नाही हो' तयार होतं. तीन शब्द, आणि ते माणूस खूश झालं असतं. मी त्याच्या पायांकडे बघितलं. पॉलिश केलेले काळे बूट, हॉस्पिटलला यायला म्हणून मुद्दाम घातलेले.

"जरा थांबा," मी म्हटलं आणि उठून आत गेले.

प्रश्नबाई बटणांच्याच प्रश्नावर आल्या होत्या. ह्यांनी शर्ट घातलेला होता आणि चेहऱ्यावर तो साळसूद भाव. मी काही बोलले असते तर माझाच धीर सुटला असता. म्हणून मी नुसती पुढे झाले, शर्टाच्या पट्टीला धरलं आणि ओढलं. टक टक टक करत सातही टिचबटणं उघडली. वरची बटणं जागच्या जागी, एकही काजातून निघालेलं नाही.

"ही मी लावलीत," मी प्रश्नबाईंना म्हटलं. "ह्यांना बोटांनी काही कळत नाही. दोन महिने झाले. सुई आरपार गेली तरी कळत नाही."

मास्तर उघड्या छातीने बसून राहिले. माझ्याकडे त्यांनी जे बघितलं ते मी विसरणार नाही. राग असता तर बरं झालं असतं. 'तूसुद्धा?' असं होतं ते.

मला वाटलं प्रश्नबाई तासतील. पण त्यांनी शर्टाची पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग खुर्ची पुढे ओढून पहिल्या महिन्यापासून सगळे प्रश्न परत विचारले. जुनी उत्तरं त्यांनी खोडली नाहीत. प्रत्येक 'त्रास नाही'वर एकच बारीक रेघ मारली, शेजारी खरं उत्तर, तारीख आणि सही. मी म्हटलं, "पांढरी शाई लावून नीट लिहा ना, नाहीतर पान नवं घ्या." त्या म्हणाल्या, "नाही चालत. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलंच पाहिजे." एक तास आम्ही तिथे बसून आमचं खोटं रेघेखाली वाचता येईल असं लिहून दिलं.

निकाल ठरल्याप्रमाणेच लागला. ह्यांची गोळी तीन आठवडे बंद, त्यानंतर कमी डोसवर सुरू. पुढच्या तिघांचा वाढीव डोस रद्द. प्रश्नबाईंनी आधीच्या गटातल्या बाकी दोघांना फोन करून परत विचारलं, तर त्यातल्या एकाने सांगितलं की त्याचे पाय महिनाभर बधिर आहेत, पण सांगितलं तर काढून टाकाल म्हणून बोललो नाही. म्हणजे तिघांपैकी दोघं चोर, आणि चोरायचं काय, तर स्वतःचं दुखणं.

मास्तर माझ्याशी बोलायचे थांबले. दुकानात दोन यंत्रं शेजारी शेजारी आणि मध्ये एक शब्द नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, 'कधी मिळेल?' तर ते माझ्याकडे बोट दाखवायचे. वन्संना कुणीतरी सांगितलंच. त्यांचा फोन आला. "त्या परक्या ड्रायव्हरसाठी माझ्या भावाची चुगली केलीस?" मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही माझ्या जागी असतात तर?" त्या म्हणाल्या, "मी घरच्या माणसाच्या जागी राहिले असते." आणि फोन ठेवला. माझ्याकडे द्यायला उत्तरं पुष्कळ होती, पण सगळी फोन ठेवल्यावर सुचली.

खरं सांगायचं तर त्या एकवीस दिवसांत मला एकदाही वाटलं नाही की मी फार मोठं चांगलं काम केलं. मला एवढंच वाटायचं की आकडा वाढला तर हा माणूस माझ्या हातून जाईल, माझ्या बोलण्याने जाईल. ड्रायव्हरचा चेहरा आठवला की वाटायचं बरं केलं. ह्यांची पाठ यंत्रावर वाकलेली दिसली की वाटायचं, जीभ झडली का नाही माझी. दोन्ही एकाच दिवसात, कधी कधी एकाच तासात.

गोळी परत सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी आम्ही आकडा घ्यायला गेलो. मोठे डॉक्टर म्हणाले, "नऊ."

चाराचे नऊ.

"एका आकड्यावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. "गोळी मध्ये बंद होती. पुढच्या महिन्यात बघू. बोटं मात्र हळूहळू सुधारू शकतात, वेळेवर थांबलो." मास्तरांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला नऊ ऐकू येत होता.

बाहेर बाकावर ड्रायव्हर बसला होता, मांडीवर गोळ्यांची नवी डबी. आमचं काय झालं ते त्याला कुणी सांगितलेलं नसावं. त्याला एवढंच ठाऊक होतं की त्याचा डोस वाढवायचा होता तो वाढवला नाही. ह्यांना बघून तो उभा राहिला.

"मास्तर ना तुम्ही? ताई मागे भेटल्या होत्या. त्या दिवशी थांबा म्हणाल्या आणि आत गेल्या, परत काही बोलल्याच नाहीत. कसं आहे तुमचं?"

मी मनाची तयारी केली. आता हे म्हणतील, विचारा हिला. म्हटलं असतं तर तो त्यांचा हक्क होता.

हे त्याच्या शेजारी बसले. "तुमचा कितवा दिवस?"

"आज पहिला."

"मग ऐका. आधी बोटांची टोकं जातात. दुखत नाही, उलट बरं वाटतं, म्हणून माणूस फसतो. आधी मऊ आणि खरखरीत यांतला फरक जातो. मग गरम आणि गार. मग चिमटीत सुई आहे की नाही ते बघावं लागतं. पायांचं माझं कमी आहे, पण पायरी उतरताना शेवटची पायरी संपली की नाही ते कळत नाही. तुम्ही पायांकडे लक्ष ठेवा. असं काही वाटलं की त्याच दिवशी त्या बाईंना सांगा. मी दोन महिने लपवलं."

इतकं सलग बोलताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी सुई आणि बटणंच बघत बसले होते.

"आणि घरी सांगा," ते म्हणाले. ड्रायव्हरकडेच बघून म्हणाले, माझ्याकडे नाही. "रस्ता ओलांडताना ही माझा हात धरायची. धरलाय हे मला खाली बघितल्याशिवाय कळेना. तीस वर्षांचा हात, आणि कळेना. ते मला सहन होईना, म्हणून मी हात खिशात घालून चालायला लागलो. हिला वाटलं असेल, हिच्यावर माझं ओझं नको म्हणून. नाहीतर राग म्हणून."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचायला लागले. सहा पायऱ्या होत्या, एकही डोक्यात शिरली नाही.

"आकडा काय आला?" त्याने हळूच विचारलं.

"नऊ," हे म्हणाले. "चारचा नऊ झाला. तेही तुम्हाला माहीत असू दे."

आम्ही निघालो. फाटकाबाहेर रस्त्यावर वाहनांची रांग लागली होती. हे कडेला थांबले आणि त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. मी माझा पुढे केला. त्यांनी आधी खाली बघितलं, मग धरला. किती जोर लावतोय याचा त्यांना अंदाज नव्हता. माझी बोटं एकमेकांवर चुरडली. एरवी मी काही बोलले नसते.

"अहो," मी म्हटलं, "दुखतंय."

त्यांनी माझ्या हाताकडे बघत पकड सैल केली, आणखी थोडी सैल केली आणि विचारलं, "आता?"